आधी विमान, मग पैसे

2012 साली मायक्रोसॉफ्टनं कॉकपिट नसलेलं विमान विकलं. अतिशयोक्ती नाही, अक्षरशः खरं आहे. ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ हा त्यांचा खेळ 29 फेब्रुवारी 2012 रोजी बाजारात आला. हवाई द्वीपसमूहातलं सर्वांत मोठं बेट फुकट, बाकी बहुतेक माल विकत. त्या विकतच्या मालात पी-51 मस्टँग होतं, दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान. पैसे भरून विमान उतरवून घेतलं की कळायचं, याला आतली बाजूच नाही. शेपटीमागून बघा, पंखाशेजारून बघा, पण वैमानिकाच्या जागी बसून समोर बघायची सोय नाही. विमान चालवण्याच्या खेळात वैमानिकाची जागाच गाळली! आणि एवढ्या मोठ्या कंपनीतल्या कुणालाच बैठकीत उठून विचारावंसं वाटलं नाही, की अहो, बसायचं कुठे? त्याच वर्षी जुलैत कंपनीनं खेळाचं पुढचं काम थांबवलं. विषय संपला. पैसे भरणाऱ्यांचा नाही, कंपनीचा.

कोणी केलं हे? ज्यांच्या घरात हा खेळ वाढला त्यांनीच. ब्रूस आर्टविक या अभियंत्यानं 1975 साली इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर विमानोड्डाण कसं दाखवता येईल यावर प्रबंध लिहिला, पुढे सबलॉजिक ही कंपनी काढली, आणि 1982 साली त्याचा फ्लाइट सिम्युलेटर मायक्रोसॉफ्टच्या नावानं आयबीएम पीसीवर आला. विंडोज त्यानंतर तीन वर्षांनी आलं. इतकी जुनी विद्या हाती असलेल्या कंपनीनं जानेवारी 2009 मध्ये हा खेळ बनवणारा एसेस स्टुडिओ बंद केला आणि तीन वर्षांनी बिनकॉकपिटाचं मस्टँग बाजारात मांडलं.

हे जुनं प्रकरण मी उकरून काढते आहे, कारण या धंद्यानं त्यातून भलताच धडा घेतला. कॉकपिटाशिवाय विमान विकू नये, एवढंच त्यांना कळलं. म्हणून आता कॉकपिट देतात. देखणं देतात. खुर्चीच्या चामड्यावरच्या सुरकुत्या, थ्रॉटलच्या मुठीवर झिजलेला रंग, काचेवर बोटांचे ठसे, सगळं असतं. नसतं ते त्यामागचं यंत्र. बटण दाबलं की टक् आवाज येतो, दिवा लागतो, आणि पुढे काहीही होत नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं: काम चालू आहे.

मीही असं एक विमान घेतलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. छान मोठं प्रवासी विमान. पुण्याहून निघायचं, सह्याद्री ओलांडायचा, पूर्वेकडून वळून मुंबईच्या 27 नंबरच्या धावपट्टीवर उतरायचं, हा माझा आवडता फेरा. धावपट्टीपर्यंत वाट दाखवणाऱ्या आयएलएस यंत्रणेची वारंवारता लावली, अप्रोचचं बटण दाबलं. विमानानं लोकलायझर पकडला, म्हणजे नाक धावपट्टीच्या रेषेत आलं. ग्लाइड स्लोप, म्हणजे उतरायचा उतार, मात्र पकडलाच नाही. उतार सुरू व्हायची जागा आली आणि गेली. पडद्यावरचा हिऱ्याच्या आकाराचा छोटा चौकोन मधोमध आला, खाली सरकला, दिसेनासा झाला, आणि विमान तीन हजार फुटांवर सरळ रेषेत शांतपणे जात राहिलं. खाली वाशीची खाडी गेली, घाटकोपर गेलं, ज्या धावपट्टीवर उतरायचं ती धावपट्टीही पोटाखालून मागे गेली आणि समोर समुद्र आला. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, हे आमच्या रोडमॅपवर आहे. पुढचं अपडेट आलं तेव्हा मी धावत जाऊन काय बदललं त्याची यादी वाचली. वैमानिकाच्या डोक्यावरच्या दिव्याचा रंग सुधारला होता.

वाचकहो, हसा. पण त्या विमानाची किंमत मी पूर्ण भरली होती.

या धंद्याचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे डीसीएस वर्ल्ड. ईगल डायनॅमिक्स या कंपनीचा हा लढाऊ विमानांचा सिम्युलेटर आहे. मूळ खेळ फुकट मिळतो, त्याबरोबर दोन विमानंही फुकट मिळतात. त्यातलं एक टीएफ-51डी, म्हणजे मस्टँगचाच सरावाचा अवतार, संपूर्ण कॉकपिटासह, प्रत्येक खटका हलणारा. मायक्रोसॉफ्टनं पैसे घेऊन जे दिलं नाही ते यांनी फुकट दिलं. श्रेय द्यायचं तिथे मी देते. या मंडळींना विमान बनवता येतं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. एफ-16 चं रडार कसं शोधतं, क्षेपणास्त्र ऊर्जा कुठे गमावतं, विमानवाहू जहाजावरची दोरी आकड्यात अडकताना काय होतं, हे सगळं या लोकांनी इतका जीव ओतून केलंय की खऱ्या वैमानिकांनीही कौतुक करावं. म्हणूनच राग येतो. अडाण्यानं फसवलं तर माणूस सोडून देतो. जाणत्यानं अर्धवट माल विकला तर का सोडायचं?

रचना अशी. एकेक विमान, म्हणजे मॉड्यूल, सुमारे 80 डॉलरपर्यंत. बहुतेक नवी मॉड्यूल्स ‘अर्ली ॲक्सेस’मध्ये येतात. अपुरी विकली जातात, पुढे पूर्ण करू असं सांगून. 2018 साली एफ/ए-18सी हॉर्नेट असंच आलं. लोकांनी उड्या टाकून घेतलं, कारण हॉर्नेट हे स्वप्न होतं. ते पुरं व्हायच्या आत, 2019 च्या ऑक्टोबरात एफ-16 विकायला काढलं, तेही अपुरं. आता एकाच कंपनीतले तेच अभियंते हॉर्नेटचं उरलेलं काम करणार की एफ-16 चं? जगभरच्या खरेदीदारांनी हाच प्रश्न विचारला आणि कंपनीला लेखी खुलासे करत बसावं लागलं. पहिल्या विमानाचं काम रखडलं की दुसरं विकायचं, दुसऱ्याच्या पैशातून पहिल्याला ठिगळ लावायचं, आणि दुसऱ्याचं भिजत घोंगडं तिसऱ्याच्या घोषणेखाली झाकायचं. सावकारी पेढीत याला फिरवाफिरवी म्हणतात. इथे त्याला रोडमॅप म्हणतात आणि त्याचं रंगीत चित्र काढून वाटतात.

आता हॉकची गोष्ट ऐका. ब्रिटिश हॉक हे प्रशिक्षणाचं जेट. त्याच घराण्यातलं हॉक 132 आपल्या हवाई दलात वैमानिक घडवतं, आणि बिदरच्या सूर्यकिरण पथकाची लाल-पांढरी विमानंही तीच. डीसीएससाठी हॉक बनवलं व्हीईएओ नावाच्या एका बाहेरच्या ब्रिटिश कंपनीनं. 2018 साली या कंपनीनं डीसीएसचं काम सोडलं. बरं, सोडलं तर सोडलं. पण मूळ खेळ तर बदलत राहतो, त्याच्या नव्या आवृत्तीबरोबर प्रत्येक विमानही थोडं थोडं दुरुस्त करावं लागतं. आणि हॉकचा सोर्स कोड निघून गेलेल्या कंपनीकडे. परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्या आवृत्त्यांत हॉक चालेना. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांना ते उडवायचं असेल तर जुनी आवृत्ती वेगळी ठेवून बसावं लागलं. विमान कोसळलं नाही, कुणी पाडलं नाही. मालकाच्या हँगरमधून ते आपोआप नाहीसं झालं.

असं एकदा झाल्यावर शहाणा माणूस काय करेल? पुढच्या प्रत्येक बाहेरच्या कंपनीकडून सोर्स कोडची प्रत तिसऱ्या कुणाकडे तरी सुरक्षित ठेवून घेईल, आणि मगच तिचं विमान आपल्या दुकानात मांडेल. आणि इथे काय झालं? जून 2023 मध्ये रॅझबॅम या कंपनीचं एफ-15ई स्ट्राइक ईगल आलं, अर्थातच अर्ली ॲक्सेसमध्ये. प्रचंड गाजलं. गाजण्याच्या लायकीचंही होतं. एप्रिल 2024 मध्ये रॅझबॅमनं जाहीर केलं, आमचे पैसे मिळालेले नाहीत, म्हणून आम्ही काम थांबवतो आहोत. ईगल डायनॅमिक्सनं उलट सांगितलं, करार यांनीच मोडला. खरं कोण, खोटं कोण, हे त्यांचे वकील बघतील. माझा प्रश्न तिसऱ्याचाच आहे. ज्यानं वर्षभराच्या आत पूर्ण किमतीला ते विमान घेतलं, तो या भांडणात कोण? त्यानं कुणाचे पैसे थकवले? त्यानं कोणता करार मोडला? त्यानं फक्त विश्वास ठेवला, आणि या धंद्यात शिक्षा नेमकी त्याचीच होते.

रॅझबॅमचं आणखी एक विमान होतं, मिराज 2000सी. आपल्याकडच्या खेळाडूंसाठी मिराज म्हणजे काय, ते मी सांगायला नको. 1999 च्या कारगिल युद्धात टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकणारं हे विमान. 2019 ला बालाकोटला गेलेलंही हेच. इथला पोरगा पॉकेटमनी साठवून, डॉलरचा भाव बघून, सेलची वाट बघून पहिलं मॉड्यूल घ्यायचा ते अनेकदा मिराज असायचं. त्याला कंपन्यांच्या भांडणात अडकायचं नव्हतं. त्याला ग्वाल्हेरहून उडायचं होतं.

या धंद्याच्या तोंडात दोन जिभा आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. किंमत सांगताना पहिली जीभ बोलते. हे खेळणं नव्हे महाराज, हा अभ्यास आहे, खऱ्या विमानाच्या हस्तपुस्तिकेवरून बांधलेलं, प्रत्येक हायड्रॉलिक नळी मोजलेली, खऱ्या कॅप्टननी तपासलेलं. तक्रार केली की दुसरी जीभ बाहेर येते. अहो, शेवटी मनोरंजनासाठीचं सॉफ्टवेअर आहे, करारात बघा, खऱ्या उड्डाणासाठी वापरू नये असं स्पष्ट लिहिलंय, इतकं काय मनावर घेता? ठरवा एकदा. अभ्यास असेल तर अभ्यासाच्या दर्जाचा माल द्या. मनोरंजन असेल तर मनोरंजनाच्या भावात विका. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीला शोभतं.

या दुटप्पीपणाला साथ देणारे आपल्यातच बसलेले असतात. यांची मला जास्त चीड येते. कुणी बग दाखवला की हे धावून येतात. तुम्हाला विमान बनवायला किती कष्ट लागतात माहीत आहे का? पाच-सहा माणसांची टीम आहे. धीर धरा. तुम्हीच बनवून दाखवा. मला दाताचं काही कळत नाही, पण डॉक्टरनं चुकीचा दात काढला तर मी ओरडणारच. कष्टांची किंमत आम्ही भरलीच आहे, तीही आगाऊ. आणखी धीर कसला मागता?

आता मायक्रोसॉफ्टकडे परत येऊ. 18 ऑगस्ट 2020 रोजी त्यांचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला, बोर्डोच्या असोबो स्टुडिओनं बनवलेला. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अख्खी पृथ्वी उभी केलेली. त्या दिवशी मी आनंदानं नाचले, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. ती थोर कामगिरी होती. मेलबर्नच्या एका उपनगरात दोनऐवजी दोनशे बारा मजल्यांचा सुळका उभा राहिला, कारण खुल्या नकाशात कुणीतरी मजल्यांचा आकडा टाइप करताना चुकलं होतं. बकिंगहॅम राजवाड्याच्या जागी ऑफिसची इमारत आली. अशा चुकांवर कोण रागावेल? जग उभं करताना एखादा सुळका जास्त येणारच. लोक तो बघायला मुद्दाम उडून गेले.

राग दुसऱ्याच गोष्टीचा. तीन आवृत्त्या काढल्या. साध्या आवृत्तीला 59.99 डॉलर, 20 विमानं आणि हातानं घडवलेले 30 विमानतळ. सर्वांत महागडी 119.99 डॉलरला, तिच्यात 30 विमानं आणि 40 विमानतळ. हीथ्रो नीटनेटका हवा? महागडी घ्या. फ्रँकफर्ट हवा? महागडी घ्या. दुबई? महागडी. पृथ्वी विकत दिली आणि तिच्यातले वर्दळीचे विमानतळ काढून वेगळ्या पुड्यात बांधले. त्याच महागड्या पुड्यात बोइंग 787 होतं. दुप्पट पैसे देऊन ज्यांनी ते घेतलं, त्यांना काय मिळालं? उड्डाणसंगणकातली कितीतरी पानं नुसती चितारलेली. त्या विमानाची यंत्रणा धड झाली ती 2023 मध्ये. तीन वर्षांनी! आणि कुणी केली? वर्किंग टायटल या गटानं. हा गट मुळात सिटेशन सीजे4 हे छोटं जेट फुकट दुरुस्त करणाऱ्या हौशी मंडळींचा. त्यांचं काम इतकं सरस निघालं की मायक्रोसॉफ्टनं त्यांनाच कामाला घेतलं.

तोच किस्सा एअरबसचा. खेळाबरोबर आलेल्या ए320 ला हात लावला फ्लायबायवायर या स्वयंसेवकांच्या गटानं. सोर्स कोड सर्वांसाठी खुला, किंमत शून्य. त्यांनी खऱ्या ए320 च्या यंत्रणा एकेक करून बसवल्या, आणि जगभरचे लोक कंपनीचं विमान बाजूला ठेवून ते उडवू लागले. म्हणजे बघा, ज्यांनी पैसे घेतले त्यांना वेळ नव्हता, आणि ज्यांनी पै घेतली नाही त्यांनी रात्री जागून काम पुरं केलं. ‘हे काम इतकं अवघड आहे की पूर्ण होईपर्यंत थांबता येत नाही’ हा युक्तिवाद मला कुणी परत ऐकवू नये.

न्याय म्हणून हेही सांगते, की मायक्रोसॉफ्टनं जगाच्या एकेका भागाची सुधारणा फुकट दिली. जपानपासून न्यूझीलंडपर्यंत पहिल्या बारा ‘वर्ल्ड अपडेट्स’ आल्या, सुंदर होत्या. अमेरिका त्यात दोनदा आली. भारत एकदाही नव्हता.

2020 चा खेळ दहा वर्षं जोपासू, असा तेव्हाचा गाजावाजा होता. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत, जून 2023 मध्ये, त्यांनी नवा खेळ जाहीर केला, फ्लाइट सिम्युलेटर 2024. आणि 19 नोव्हेंबर 2024 ला तो आला तेव्हा काय घडलं ते विसरणं शक्य नाही. नव्या खेळात बहुतेक माल, जमीन आणि विमानंसुद्धा, कंपनीच्या सर्व्हरवरून लागेल तसा उतरतो. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले. लोक रांगेत उभे. रांग सरकली तर पट्टी 97 टक्क्यांवर अडकलेली. ज्यांना आत शिरता आलं त्यांच्यापैकी अनेकांच्या यादीत विमानंच नव्हती. मग प्रमुख मंडळी चित्रफितीत येऊन म्हणाली, आम्ही दोन लाख कृत्रिम वापरकर्ते घेऊन चाचणी केली होती, प्रत्यक्षात माहितीचा साठा भारानं थकला. दोन लाख! चाळीस वर्षांची परंपरा, चार वर्षांची कमाई, वर्षभर जाहिरात, आणि किती लोक येतील याचा अंदाज नाही. सर्वांत महागडी प्रत 199.99 डॉलरची होती. तिच्या मालकालाही रांगेतच उभं केलं.

सर्व्हर नंतर सावरले, मान्य. पण ती संध्याकाळ एक गोष्ट दाखवून गेली. तुमच्या घरी, तुमच्या पैशानं, तुमच्या ग्राफिक्स कार्डावर चालणारं जग मुळात तुमच्या घरी नसतंच. ते बोर्डो आणि रेडमंडच्या, म्हणजे असोबो आणि मायक्रोसॉफ्टच्या, मर्जीवर येतं. ज्या दिवशी हिशेब जुळणार नाही, त्या दिवशी तिथे कुणीतरी कळ बंद करेल. मायक्रोसॉफ्टनं 2009 ला कळ बंद केली होती, 2012 ला केली होती. तिसऱ्यांदा करणार नाहीत, हे कुठल्या कागदावर लिहून दिलंय?

शिकागोच्या तळ्याकाठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. जुन्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये खेळ सुरू झाला की विमान तिथेच उभं असायचं. दोन-तीन पिढ्या तिथून पहिल्यांदा उडाल्या. 30 मार्च 2003 च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठाल्या फुल्या खणून ठेवल्या. खरा विमानतळ गेला. पण ज्यांच्या कपाटात जुन्या सीडी आहेत, त्यांच्या संगणकावर मेग्ज आजही जसाच्या तसा आहे. महापौराला तो उखडता येत नाही, कंपनीलाही येत नाही. विकत घेणं म्हणजे हे. आजच्या मालाला हा गुण उरलेला नाही आणि किंमत मात्र वाढली आहे.

मालकीचा हा उद्धटपणा कुठवर जातो, त्याचं टोक 2018 च्या फेब्रुवारीत दिसलं. फ्लाइट सिम लॅब्ज या कंपनीच्या ए320 च्या इन्स्टॉलरमध्ये एक फाइल सापडली. क्रोम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उपसून काढणारं ते साधन होतं. बोभाटा झाल्यावर कंपनीनं सांगितलं, ते फक्त चोरीच्या एका विशिष्ट सीरियल क्रमांकासाठी होतं, प्रामाणिक ग्राहकांवर चालत नव्हतं. मग इन्स्टॉलर बदलला. पण जरा थांबा. पैसे देणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक ग्राहकाच्या संगणकात पासवर्ड चोरायचं हत्यार उतरवलं गेलं, तेही त्याला न सांगता, आणि स्पष्टीकरण काय, तर आम्ही ते तुमच्यावर उगारलं नाही! दुकानदार गिऱ्हाइकाच्या पिशवीत चाकू ठेवतो आणि म्हणतो, घाबरू नका, चोर आला तरच काढीन. चोर पकडायचे तर पोलिसांत जा.

आता त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेते, कारण तो टाळणं भित्रेपणा होईल. ते म्हणतात, एक खोल विमान बनवायला वर्षंच्या वर्षं लागतात, बाजार लहान आहे, आगाऊ पैसे नाही मिळाले तर विमान बनणारच नाही. खरं आहे. मला ते विमान हवंय, म्हणून मी आगाऊ पैसे द्यायलाही तयार आहे. पण आगाऊ पैसे घेणाऱ्यावर काही बंधनं असतात की नाही? पुण्या-मुंबईत बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घेणाऱ्यांना आठवत असेल, महारेराच्या आधी बिल्डर काय करत. एका इमारतीचे पैसे दुसरीकडे वळवत, ताबा ‘लवकरच’ देत. कायदा आला, 2017 पासून महाराष्ट्रात तो राबवला जाऊ लागला, आणि बिल्डरला ताब्याची तारीख नोंदवावी लागली, ग्राहकांचे 70 टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागले, ताबा नाही दिला तर व्याजासह परत करावे लागले. बिल्डर बोंबलले, धंदा बुडेल म्हणाले. बुडाला नाही. विमान विकणारे आज त्याच भाषेत बोलतात. तारीख द्या म्हटलं की ‘गुणवत्तेशी तडजोड नको’, पैसे परत द्या म्हटलं की ‘अर्ली ॲक्सेसच्या अटी वाचा’. अटी मी वाचल्या आहेत. सगळ्या एकाच बाजूच्या आहेत.

आणि आगाऊ पैशांशिवाय काहीच उभं राहत नाही, हेही पूर्ण खरं नाही. मायक्रोप्रोझचा फाल्कन 4.0 हा एफ-16 चा सिम्युलेटर डिसेंबर 1998 मध्ये आला. बगनी खचाखच भरलेला होता, पण आत एक अख्खं युद्ध चालू असायचं. तुम्ही उडा किंवा झोपा, रणगाडे सरकत राहायचे, पूल तुटत राहायचे. वर्षभरात तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला. एप्रिल 2000 मध्ये सोर्स कोड बाहेर फुटला, आणि ज्यांना या विमानाचं वेड होतं त्यांनी तो उचलला. बेंचमार्क सिम्स या गटाचं बीएमएस आज त्याच मुळावर उभं आहे. नव्या आवृत्त्या येतात, व्हीआर हेडसेट चालतो, जुन्या फाल्कनची अधिकृत प्रत असली की बाकी काही मोजावं लागत नाही. ज्या कंपनीनं तो विकला ती गेली, माल मात्र उरला, कारण कोड माणसांच्या हातात होता. चोरीच्या वाटेनं आला हे मला आवडत नाही. म्हणून तर म्हणते, सरळ वाटेनं ठेवा. कंपनी बुडाली, भांडली किंवा कंटाळली, तर कोड कुणाकडे जाईल हे विक्रीच्या दिवशीच लिहून द्या.

हे सगळं आपण बदलू शकतो, कारण हा धंदा फक्त आपल्याच पैशावर चालतो. पुढचा सेल आला, नव्या जेटची झगझगीत चित्रफीत आली, सूर्यास्ताकडे तोंड करून विमान वळलं, की पैसे भरायच्या आधी कंपनीला लेखी विचारा. आज यातल्या कोणत्या यंत्रणा चालतात? उरलेल्या कोणत्या तारखेपर्यंत येतील? तारीख चुकली तर पैसे परत मिळतील का? तुम्ही काम सोडलं तर सोर्स कोड कुणाकडे असेल? नेट बंद असताना हे उडेल का? उत्तर आलं नाही, किंवा ‘काम चालू आहे’ एवढंच आलं, तर पैसे देऊ नका. तोवर फ्लायबायवायरचं ए320 उडवा, बीएमएस उडवा, डीसीएसचं फुकटचं मस्टँग उडवा. त्याला कॉकपिट आहे.